तलवार नंतर, आधी भिंत

सर, नमस्कार. मी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला असलेल्या एका गावात वाचनालय सांभाळते. पगार नाही, आवड आहे. पुस्तकांबरोबर आमच्याकडे दोन तलवारी, एक दांडपट्टा, गावातल्या एका घराण्यानं दिलेला ताम्रपट, मोडी कागदांचा एक रुमाल आणि १९५५-५६ सालच्या मराठी वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत. सगळं एकाच लोखंडी कपाटात. यंदा वाचनालयाला पन्नास वर्षं होतात म्हणून मंडळानं खंडेनवमीला प्रदर्शन ठरवलंय. अध्यक्ष म्हणतात, तलवारींना बफ मारून वर लॅकर फवारू, ताम्रपट चिंचेनं लखलखीत करू, मोडी कागद लॅमिनेट करू. वेल्डिंगचं दुकान माझ्या मामाचंच. तो म्हणतो, "आण की गं, अर्ध्या तासात आरसा करून देतो, पैसे नकोत." आजी म्हणते खोबरेल लावा, आमच्यात तेच लावायचे. डांबराच्या गोळ्या टाकल्यात, तरी कसर हटत नाही. आणि हो, पावसाळ्यात कपाटातनं कुबट वास येतो. सगळ्यांना नाही म्हणायला नको वाटतंय. काय करू?
— एक ग्रंथपाल, खानापूर तालुका

ताई,

पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही "आणि हो" म्हणून शेवटी टाकलंय. तो कुबट वास म्हणजे बुरशी. बुरशी आहे म्हणजे कपाटातली हवा दमट आहे, आणि त्याच हवेत तुमचं लोखंड, तांबं आणि कागद तिन्ही बसलेत. उद्या मामांनी तलवार आरशासारखी केली आणि तुम्ही ती परत त्याच कपाटात ठेवली, तर पुढच्या आषाढात ती आधीपेक्षा लवकर गंजेल, कारण वरचा जुना घट्ट थर गेलेला असेल आणि खालचं कोरं पोलाद उघडं पडलेलं असेल. तेव्हा तलवारी आहेत तिथं राहू द्यात. आधी भिंतीकडं जाऊया.

उद्या सकाळी वाचनालय उघडल्या उघडल्या एक करा. कपाट पुढं ओढा आणि मागच्या भिंतीवर तळहात ठेवा. तुमच्याकडं बहुतेक जांभ्याची भिंत असणार. जांभा दगड सच्छिद्र, पाणी पितो. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस त्याला चार महिने पाजत असतो. भिंत पश्चिमेची असेल तर विचारायलाच नको. हात गार आणि चिकट लागला, किंवा कपाटाच्या पाठीला तांबूस ओघळ दिसले, तर अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मिळाली. कपाट आतल्या, कोरड्या भिंतीकडं हलवा, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, खाली विटा किंवा लाकडी ठोकळे द्या. कौलं चाळून घ्या, पन्हळ तुंबलेला असेल तर मोकळा करा. काही ठिकाणी वाळवी येऊ नये म्हणून कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात. तुमच्याकडं तसं असेल तर वाट्या काढून टाका. आपणच कपाटाला वाफारा देतोय तो. वाळवीचा बंदोबस्त जमिनीत आणि भिंतीच्या बुडाशी करायचा असतो, आणि तो माहितगार माणसाकडून. मातीच्या बारीक वाटा भिंतीवर चढताना दिसल्या की वाट बघू नका.

दुसरी खरेदी हवेतली आर्द्रता दाखवणाऱ्या लहान डिजिटल यंत्राची. काही शे रुपयांत मिळतं. कपाटात ठेवा आणि रोज सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरते. लोखंडालाही त्याच सुमाराला जोर चढतो, आणि पात्यात मीठ मुरलेलं असेल तर त्याच्या बऱ्याच आधी. कागदाला साधारण ४५ ते ५५ मानवतं. त्याहून फार कोरडं झालं तर तो कडक होतो, घडीवर तुटतो. धातूला मात्र जितकं कोरडं तितकं बरं. म्हणून या दोघांचा संसार एका कपाटात सुखाचा होत नाही. कपाट कागदांना द्या, धातू वेगळा काढा.

धातूसाठी हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल. रंग बदलणारं, नारिंगी जेल घ्या. निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, मुलांच्या हाताशी नको. रंग उतरला की जेल ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवून परत वापरता येतं. तलवारी डब्यात मावणार नाहीत. त्यांच्यासाठी जाड पॉलिथिनची नळीसारखी पिशवी येते. तलवार पूर्ण कोरडी असताना आत सरकवायची, सिलिका जेलची पुरचुंडी टाकायची आणि फरसाणाची पाकिटं चिकटवायचं यंत्र असतं ना दुकानात, त्यानं तोंड बंद करायचं. पीव्हीसीचं प्लास्टिक नको, ते स्वतःच हळूहळू आम्ल सोडतं. आणि तलवार म्यानाबाहेर ठेवा. हे लोकांना पटत नाही, म्यान तलवारीसाठीच असतं म्हणतात. पण जुन्या म्यानाचं लाकूड, चामडं आणि आतलं कापड ओल धरून ठेवतं, आणि पातं आतल्या आत कुजत जातं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, एकमेकांत नकोत.

आता मामा. बफ का नको, हे त्यांना त्यांच्याच भाषेत सांगता येईल. बफिंगचं चाक गंज तेवढा काढत नाही, धातूही काढतं. जुन्या पोलादी पात्यावर कधी कधी पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते, ती त्या पोलादाच्या घडणीतली असते. दख्खनच्या कितीतरी तलवारींना पातं युरोपातलं आणि मूठ इथली असते, अशा पात्यावर बनवणाऱ्याची पुसट खूण असू शकते. मुठीवर सोन्या-चांदीच्या तारेचं काम गंजाखाली दडलेलं असू शकतं. चाक लागलं की हे सगळं काही क्षणांत जातं. त्यातून आपल्याकडं पातं मुठीत बसवायचे ते लाख ओतून. घर्षणानं पातं तापलं की लाख मऊ होते आणि मूठ हलायला लागते. मामा कारागीर आहेत, लाखेचं सांगितलं की ते स्वतःच हात आखडता घेतील असं मला वाटतं. लॅकरचंही तसंच: फवारा कुठं पातळ, कुठं जाड बसतो, केसाएवढ्या फटीतून ओल आत जाते आणि वरून चकचकीत दिसत असताना खाली गंज पसरतो.

चिंचेबद्दल मी जरा कडकच बोलणार आहे, कारण हे पाप माझ्या हातून झालंय. माझं आजोळ निपाणीकडचं. विशीत असताना जत्रेच्या आधी देवळातली पितळेची घंटा घासायचं काम मी हौसेनं घेतलं. चिंच, विटेची भुकटी आणि नारळाची शेंडी. तीन वर्षं ओळीनं. घंटेच्या काठावर देणगीदाराचं नाव आणि शके कोरलेलं होतं, उथळ अक्षरात, एखाद्या गावच्या तांबटानं काढावं तसं. घंटा सोन्यासारखी झाली, म्हाताऱ्यांनी पाठ थोपटली. पुढं या कामात शिरल्यावर ते शके टिपून घ्यावं म्हणून वही घेऊन गेलो. दिवा तिरका धरला, बोट फिरवलं, कागद ठेवून पेन्सिल घासून बघितली. शेवटचे दोन आकडे नव्हते. माझ्याआधीही कुणी घासली असेल, पण उरलंसुरलं मी पुसलं. घरच्या समईला पितांबरी लावा, खुशाल लावा. ज्यावर अक्षर आहे त्याला नको.

आणि तुमच्या ताम्रपटावर तर अक्षराशिवाय दुसरं काही नाहीच. तुमच्याच तालुक्यातल्या हलशीला कदंब राजांचे ताम्रपट सापडले, पाचव्या शतकापासूनचे. कदंबांच्या सुरुवातीच्या इतिहासातलं बरंचसं आपल्याला त्यांच्यामुळं कळलं. तुमचा पत्रा तेवढा जुना असेल असं मी म्हणत नाही. देशमुखी, वतन, देवस्थानाची इनामं यांचे कितीतरी अलीकडचे पत्रे घराघरांत आहेत. पण वाचल्याशिवाय कळणार कसं? आम्ल लावलं तर वरचा तपकिरी-हिरवा घट्ट थर जाईल, आणि अक्षराची कड त्या थरातच असते पुष्कळदा.

त्याऐवजी असं करा. अंधाऱ्या खोलीत पत्रा सपाट ठेवा आणि टॉर्च एका बाजूनं, जवळजवळ टेबलालगत धरून उजेड तिरका टाका. प्रत्येक खोदलेली रेघ सावली धरते. मोबाइलनं फोटो काढा, मग टॉर्च दुसऱ्या बाजूला नेऊन परत काढा. दोन्ही पाठी, कडी आणि मुद्रा असेल तर तीही. शेजारी मोजपट्टी ठेवा, वजन लिहून ठेवा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुराभिलेख शाखा म्हैसूरला आहे, असले लेख वाचणं हेच त्यांचं काम. फोटो तिकडं पाठवा.

पत्र्यावर घट्ट, गुळगुळीत हिरवा किंवा काळपट थर असेल तर चिंता नको, तो त्याचं कवच आहे. फिक्या, पोपटी रंगाचे, पिठासारखे ठिपके दिसले तर मात्र तो आजार आहे. तांब्यात क्लोराइड शिरलेलं असतं, दमट हवेत ते तांबं खात जातं आणि थांबत नाही. ओळखायची सोपी रीत: पत्रा पांढऱ्या कागदावर ठेवा, आठवडाभर हलवू नका, मग कागद बघा. हिरवी पावडर पडली असेल तर पत्रा ताबडतोब सिलिका जेलच्या डब्यात एकटा ठेवा आणि जाणकाराला दाखवा. त्यावरची रसायनं विषारी असतात, ती घरी करायची नाहीत. तलवारींचीही हीच परीक्षा घ्या. कागदावर ताजी नारिंगी पूड पडली किंवा पात्यावर पिवळट थेंब घामासारखे आले तर गंज जिवंत आहे. काळपट-तपकिरी आणि घट्ट असेल तर तो झोपलाय, उठवू नका.

झोपलेल्या गंजाच्या तलवारीला तुम्ही स्वतः इतकं करू शकता: हातात नायट्राइलचे मोजे (घामातलं मीठ पात्यावर बोटांचे ठसे उमटवतं, आणि ते ठसे पुढं गंजतात), मऊ ब्रशनं धूळ झाडायची, कोरड्या मऊ सुती कापडानं पुसायचं. पाणी नाही, रॉकेल नाही, सँडपेपर तर नाहीच. मग संग्रहालयांत वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण, अगदी पातळ, आणि सुती कापडानं हलकेच चोळायचं. ते नको झालं तर पुढं कधीही काढता येतं, हा त्याचा मोठा गुण. मेण मिळालं नाही तर शिलाई मशिनच्या तेलाचा पुसट हात पात्यावर चालतो, सहा महिन्यांनी पुसून परत लावायचा. आजीला सांगा, तेलाची कल्पना बरोबर होती, फक्त खोबरेल खवट होतं, आम्ल धरतं, आणि त्यावर धूळ बसून चिकट काजळी तयार होते. आजीच्या काळी तलवार महिन्या-महिन्याला हातात घेतली जायची म्हणून खपून गेलं. मेण असो, तेल असो, ताम्रपटाला काही लावू नका.

आता कागद. रुमाल शब्द तुम्ही बरोबर वापरलात, बरं वाटलं. हल्ली लोक फाइल म्हणतात. रुमाल ही रीतच शहाण्या माणसांची होती: घट्ट बांधलेल्या कापडात धूळ जात नाही, उजेड जात नाही, आणि बाहेरच्या ओलीचा झटका आधी कापड सोसतं. ती मोडू नका. बेळगावात गणपत गल्लीला कोरं मांजरपाट मिळेल. ते दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा, कारण कसरीला खळ आवडते. मग त्यात बांधा.

लॅमिनेशन नको म्हणजे नको. तापलेलं प्लास्टिक कागदात मुरतं आणि ते परत निघत नाही. आतलं आम्ल आतच राहतं, कागद प्लास्टिकच्या कातडीत पिवळा होत जातो. सेलोटेपही नको, त्याचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरावर उतरतो. मोडी कागद काजळीच्या शाईनं, बोरूनं लिहिलेले असतात. ती शाई उजेडात टिकते पण पाण्यानं पसरते, म्हणून ओलं फडकं कधीच नाही. घड्या उलगडताना करकर वाजलं तर तिथंच थांबा. आणि कागद पिवळाजर्द, हळदीसारखा दिसला किंवा चुकीच्या ओळीवर पिवळा लेप दिसला, तर तो हरताळ असू शकतो. हरताळ फासणं आपण बोलताना म्हणतो ते यावरूनच आलंय. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं खनिज. थुंकी लावून पान उलटायची सवय असलेला कुणी मंडळात असेल तर त्याला लांब बसवा. कागद हाताळायला मोजे नकोत, धुतलेले कोरडे हात बरे. मोज्यातून कागदाची कड कळत नाही आणि पान फाटतं.

वर्तमानपत्रांची गोष्ट वेगळी. तो कागद जन्मतःच आजारी असतो. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन उजेडात आणि हवेत आम्ल होतं, म्हणून तो तपकिरी आणि ठिसूळ होतो. तुम्ही काहीही केलं तरी तो शंभर वर्षं धडधाकट राहणार नाही. पण तुमच्याकडं १९५५-५६ आहे, ताई. १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका सोडून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच्या आधीच्या वर्षभरात या भागातली माणसं मराठीत काय वाचत होती, सभेची जाहिरात कशी छापत होती, तंबाखूचा भाव काय होता, हे त्या गठ्ठ्यांत आहे. तलवारी बऱ्याच ठिकाणी बघायला मिळतील. हे अंक दुसरीकडं असतीलच याची खात्री कोण देणार? म्हणून सगळ्यात आधी फोटो याचे काढा. आडवे ठेवून, खिडकीच्या उन्हाबाहेरच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, पानापानाचे. गठ्ठे उभे ठेवू नका, सुतळीनं आवळू नका, काचत जातात.

डांबराच्या गोळ्या काढा. बुरशीवर त्यांचा भरवसा नाही, आणि वाचायला बसणाऱ्या पोरांच्या छातीत तो वास जातो. वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवा, निपाणीकडं पोथ्यांत तंबाखूची पानं ठेवायचे तशीही ठेवतात, पण पान थेट कागदावर नको, डाग पडतो. खरं सांगायचं तर याचा उपयोग किडीला दूर ठेवण्यापुरता, आत असलेल्या कसरीला यानं काही होत नाही. तिच्यासाठी आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर. उणे १८-२० अंशांचा, घरच्या फ्रीजचा कप्पा नव्हे. कीड लागलेली छापील पुस्तकं पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करायची आणि दोन आठवडे ठेवायची. अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर गार पुस्तकावर दव धरतं. मोडीचा रुमाल आणि जुने फोटो यात घालू नका. बुरशीची पुस्तकं आधी सावलीत पूर्ण वाळवा, मग बाहेर अंगणात, नाकाला एन-९५ मास्क लावून मऊ ब्रशनं झाडा. ओली बुरशी पुसली तर ती कागदात चोळली जाते.

मोठ्या कामासाठी, म्हणजे जिवंत गंज आणि पोपटी ठिपके, लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळेची विभागीय शाखा म्हैसूरला आहे, त्यांना लेखी विचारा. आणि मंडळाच्या इतिवृत्तात एक ओळ घाला की १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांपुढची अशी वस्तू पुरावस्तू ठरते, जपण्याजोग्या हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात. अध्यक्षांना माझं नाव सांगण्यापेक्षा कायद्याचं सांगा, लवकर पटेल.

नाही म्हणायची तुम्हाला भीती वाटते, तर नाही म्हणूच नका. कामं वाटा. मामांना सांगा, बफ नको, स्टँड हवाय: तलवार आडवी, दोन ठिकाणी टेकेल, टेकणाऱ्या जागी सुती पट्टी गुंडाळलेली. ते काम त्यांच्या हातचं आहे आणि फुकट करून देणार म्हणालेच आहेत. फक्त रंग दोन-तीन आठवडे पूर्ण वाळू द्यायचा, ओल्या रंगाची वाफ धातूला बाधते. म्हणजे स्टँड आत्ताच सांगायला हवा. अध्यक्षांना प्रदर्शनात झगमग हवीय, ती मोडी कागदांतून द्या. एका कागदाचा मोठा फोटो, खाली त्याचं देवनागरी. मोडी वाचणारा कोल्हापुरात नक्की मिळेल. गावातल्या एखाद्या आडनावाचा, एखाद्या शेताच्या बांधाचा उल्लेख निघाला की लोक तिथून हलणार नाहीत, तलवारींकडं बघायलाही वेळ उरणार नाही.

राहता राहिली पूजा. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची नाहीत असं मी सांगणार नाही, माझ्याही घरी पुजतात. पण तलवारीवर हळद-कुंकवाचं पाणी आणि पात्यानं कापलेलं लिंबू, हे दरवर्षी होत असेल तर मूठ वर धरून पात्याच्या कडेला निरखून बघा. राखी रंगाचे, ओघळासारखे डाग दिसतील. ते लिंबाचे आहेत, प्रत्येक वर्षाचा एक. यंदा तलवारी मामांच्या स्टँडवर ठेवा, फुलं समोर ताटात वाहा, कुंकू स्टँडला लावा आणि लिंबू घरच्या विळीवर कापा.